बाहेरून शाबूत

साहित्याच्या अभ्यासकाने समुद्राच्या रसायनशास्त्रात डोकावावे की नाही, असा प्रश्न आम्हांला अनेक वर्षे पडलेला होता. समुद्र आमच्या वाट्याला आला तो मुख्यतः उपमान म्हणून. गांभीर्य सागराचे, मर्यादा सागराची, भरती-ओहोटीतही जो मूळचा ढळत नाही तो सागर, असे आम्ही शिकलो आणि पुढे वर्गात शिकवलेही. सागरी प्लवकांच्या कवचांविषयी जे संशोधन गेल्या काही वर्षांत वाचनात आले, त्यामुळे मात्र या उपमानाच्याच पायाखालची वाळू सरकते आहे असे वाटू लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या जीवांविषयी बोलावयाचे, ते फोरॅमिनिफेरा. एकाच पेशीचे हे जीव बहुधा वाळूच्या बारीक कणाएवढे असतात. त्यांतील प्लवक जाती पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःभोवती कॅल्साइटचे कवच रचतात आणि वाढ होईल तसतसे त्याला एकेक दालन जोडत जातात. द्रव्य आपल्या ओळखीचेच आहे. कोकणात शिंपले भाजून चुना करीत, तो याच कॅल्शियम कार्बोनेटापासून. जीव मेला की कवच तळाकडे निघते आणि लाखो वर्षांत त्यांचे थर साचतात. इंग्लंडमधील खडूचे डोंगर अशाच सूक्ष्म जीवांच्या अवशेषांचे. थॉमस हक्सलीने १८६८ साली नॉर्विच येथे कामगारांपुढे खडूच्या एका तुकड्यावर व्याख्यान दिले आणि तेवढ्याशा तुकड्यातून पृथ्वीचा इतिहास उलगडून दाखवला. निबंध या वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासकांनी ते व्याख्यान अवश्य वाचावे. आज वर्गातील खडू बहुधा जिप्समचा असतो, ही गोष्ट वेगळी.

हक्सलीनंतर चारच वर्षांनी ‘चॅलेंजर’ हे जहाज निघाले. १८७२ ते १८७६ या काळात त्याने जगभरच्या समुद्रांतून पाणी, गाळ आणि जीव गोळा केले. हे जीव तळाशी राहतात की पृष्ठभागाजवळ, यावर तेव्हा वाद होता. जॉन मरे या निसर्गशास्त्रज्ञाने जाळी ओढून प्लवक जाती वरच्या थरांत जगतात हे दाखवले. फार खोल गेल्यावर गाळातून ही कवचे नाहीशी होतात, हेही तेव्हाच ध्यानात आले. तेथील थंड, दाबाखालचे पाणी त्यांना विरघळवते. हेन्री ब्रॅडीने १८८४ साली फोरॅमिनिफेरांवरचा आपला ग्रंथ सिद्ध केला. मोहिमेतील कितीतरी नमुने लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आजही आहेत. ते ठेवणाऱ्यांना क्ष-किरण ठाऊक नव्हते. राँटगेनला त्यांचा शोध लागला तो १८९५ साली. आपण जपतो त्या वस्तूला उद्या कोण कोणता प्रश्न विचारील हे माहीत नसताना ती जपणे, हे संग्राहकाचे काम. हस्तलिखितांच्या बाबतीत आपल्याला ते पटते. काचेच्या कुपीतील गाळाच्या बाबतीत पटायला थोडा वेळ लागतो, इतकेच.

क्ष-किरणांचे काम येथे नेमके काय? इस्पितळातील सीटी स्कॅन आता सर्वांच्या परिचयाचा आहे. तेच तंत्र सूक्ष्म प्रमाणावर वापरले जाते. कवच एका लहानशा आधारावर बसवून थोडे थोडे फिरवतात, प्रत्येक कोनातून त्याची क्ष-किरण प्रतिमा घेतात आणि त्या शेकडो प्रतिमांवरून संगणक कवचाची त्रिमित आकृती उभी करतो. कवच फोडावे लागत नाही. भिंतीची जाडी मोजता येते आणि भिंतीच्या आत कोठे द्रव्य दाट आहे, कोठे विरळ, हेही कळते.

२०१५ साली जपानी संशोधकांनी ग्लोबिजेरिना बुलॉइडिस या जातीची कवचे विरघळवणाऱ्या पाण्यात ठेवली आणि टप्प्याटप्प्याने अशी पाहिली. जे दिसले ते आमच्या मनातून जात नाही. कवच बाहेरून झिजत आत जाईल अशी सर्वसाधारण कल्पना. प्रत्यक्षात भिंतीचा आतील भाग आधी विरळ होत गेला आणि बाह्य आकार पुष्कळ काळ तसाच राहिला. कोकणातील जुन्या घरांत ज्यांनी वाळवी लागलेली चौकट पाहिली असेल, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. रंग शाबूत, नक्षी शाबूत, आणि बोट टेकवले की ते आत जाते.

या निरीक्षणाचे मोल पाठचिकित्सा करणाऱ्याला चटकन कळावे. कवच पातळ असण्याला दोन कारणे संभवतात. जीवाने ते मुळातच पातळ रचले असेल, किंवा रचनेनंतर ते विरघळले असेल. पोथीत ओवी नाही, ती कवीने लिहिलीच नव्हती की पान कसरीने खाल्ले, असा हा भेद आहे. नुसते वजन केल्याने तो समजत नाही. द्रव्याची घनता आतून पाहिली की विरघळण्याची खूण सापडू शकते. गाळाच्या एखाद्या थरातील कवचे किती विरघळली आहेत यावरून त्या काळचे खोल पाणी कसे होते, याचाही अंदाज बांधता येतो.

२०२० साली ‘चॅलेंजर’च्या कवचांची तुलना ‘तारा’ या जहाजाच्या अलीकडच्या मोहिमेत मिळालेल्या कवचांशी करण्यात आली. सूक्ष्म सीटीने मोजल्यावर नवी कवचे जुन्यांहून पातळ भरली. काही बाबतींत हा फरक ७६ टक्क्यांपर्यंत होता. मधल्या काळात हवेतील कर्बद्विप्राणिलाचे प्रमाण खूप वाढले आणि माणसाने सोडलेल्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्राने शोषला. त्यामुळे पाण्यातील हायड्रोजन आयन वाढतात आणि कवचाला लागणारे कार्बोनेट आयन कमी होतात. औद्योगिक युगाच्या आरंभापासून पृष्ठजलाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु हे मोजमाप घातांकी असल्याने आम्लतेतील वाढ २५ ते ३० टक्क्यांच्या घरात जाते. समुद्र आम्लधर्मी झाला असे मात्र नव्हे, तो अल्कधर्मीच आहे. ‘आम्लीकरण’ हा शब्द दिशा सांगतो, मुक्काम नव्हे. शिवाय तापमान, प्राणवायू आणि पोषणद्रव्ये यांचाही कवचावर परिणाम होतो, म्हणून सारे एकाच कारणाच्या माथी मारणे बरे नाही.

हा संयम आम्हांला एका छोट्या तपशिलात फार भावला. अरबी समुद्रातील अशाच पातळ होत चाललेल्या कवचांवर २००९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मानवनिर्मित आम्लीकरणामुळे हे घडते आहे, असे त्याचे शीर्षक सांगते आणि शेवटी प्रश्नचिन्ह देते. पुरावा जेथवर जातो तेथवरच विधान न्यावे, पुढचे प्रश्न म्हणून उघडे ठेवावे. आमच्या समीक्षेत असे प्रश्नचिन्ह शीर्षकात क्वचितच दिसते.

हा अरबी समुद्र आमचा. त्याच्या काठी आम्ही वाढलो, त्याच्या नावाने कविता समजावून सांगितल्या. आता वर्गात ‘सागरासारखा अचल’ ही उपमा आली की आम्ही क्षणभर अडतो. कवीला खोटे ठरवण्याचा प्रश्न नाही. त्याने पाहिलेला समुद्र त्याच्यापुरता खरा होता. पण उपमेचेही कवच असते. शब्द तोच राहतो, वृत्त तेच राहते, आणि ज्या अनुभवाच्या भिंतीवर ती उपमा उभी होती ती आतून विरळ होत जाते. विद्यार्थ्याला केवळ बाह्य आकार दाखवून आपण पुढे जावे काय? आम्हांला वाटते, जाऊ नये. ओळ जशी आहे तशी वाचावी, आणि मग या कवचांविषयीही दोन वाक्ये सांगावीत. तास संपायला पाच मिनिटे उशीर झाला तरी हरकत नाही.