दहा कोर्स आणि एक खानावळ

बाबा निवृत्त झाले म्हणून आम्ही महालक्ष्मीच्या 'मास्क'मध्ये जेवायला गेलो. २०१६ साली श्री लक्ष्मी वूलन मिल्सच्या जुन्या आवारात सुरू झालेलं हे रेस्टॉरंट. टेस्टिंग मेन्यू म्हणजे आपण काही मागवायचं नाही. शेफ ठरवेल ते, त्याच्या क्रमाने, दोन-दोन घासांत येत राहतं. आईच्या मते ही पंगतच, फक्त आग्रह नाही.

बाबा मात्र छताकडे बघत होते. "इथे कुठलं खातं असेल रे?"

आजोबा परळला कापड गिरणीत होते. जानेवारी १९८२मध्ये संप सुरू झाला तेव्हा बाबा दहावीला. संप कधी मिटलाच नाही, हे मला माहीत होतं. बिल मी फोनवरून भरलं, आकडा दाखवला नाही. त्यांनी विचारलाही नाही. टॅक्सीत म्हणाले, "आई खोलीवर खानावळ चालवायची, माहितीये? पंधरा गडी जेवायचे. संपात पैसे यायचे बंद झाले, तरी चार महिने तिने एकाचंही ताट थांबवलं नाही. पाटल्या त्यातच गेल्या."

पाटल्यांचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आईसुद्धा.