आटे

आम्हा कला शाखेच्या मुलामुलींना ‘जुळणे’ हा शब्द काही नवा नाही. कवितेत यमक जुळते, गाण्यात सूर जुळतात, आणि घरी वडीलधारी मंडळी जमली की पत्रिकेतले किती गुण जुळले यावर वाद रंगतो. या शब्दाचा सर्वांत कडक अर्थ मात्र मला मामांच्या गॅरेजात आणि मुंबईच्या नागदेवी गल्लीत कळला. निमित्त होते पाव इंचाच्या एका पितळी निपलाचे!

मामांजवळ १९७० सालची एक शेव्हरोले इम्पाला आहे. वरातीला, सिनेमाच्या चित्रीकरणाला ती भाड्याने जाते, आणि मामांच्या घरचे निम्मे वर्ष तिच्यावर निघते. या गाडीला क्लचचे पेडल नाही. गिअर आपोआप बदलतात. तिच्या गिअरबॉक्समधले लाल तेल वंगणाचे काम तर करतेच, शिवाय इंजिनाची शक्तीही तेच पुढे पोचवते. या घुसळणीत ते तापते. म्हणून दोन नळ्यांवाटे त्याला रेडिएटरच्या पोटातल्या कुलरमधून फिरवून आणायचे, अशी कारखान्याची मूळ योजना.

गेल्या पावसाळ्यात तो कुलर आतून पाझरला. रेडिएटरचे झाकण उघडले तर आत गुलाबी पियूष! या तेलात पाणी शिरले की क्लचच्या प्लेटांवरचे अस्तर सुटू लागते. मामांनी अमेरिकेहून प्लेटा मागवल्या आणि गिअरबॉक्स पुन्हा बांधला. त्यापायी मामींच्या पाटल्या गहाण पडल्या. मामी भांडल्या नाहीत. “आता पुन्हा बिघडली, तर भंगारवाल्याला बोलवा,” एवढेच म्हणाल्या. तेव्हा मामांनी रेडिएटरमधल्या तेलाच्या वाटा कायमच्या बंद केल्या आणि रेडिएटरपुढे एक वेगळा कुलर बसवायचे ठरवले. राहिले नळ्या आणि जोड. मामांना बारीक अक्षर आता दिसत नाही. सबब खरेदीला सोबत मी.

“लांबची वाट पोलादी नळीची,” मामांनी जाता जाता समजावले. “तांब्याची वाकवायला सोपी, पण थरथरीने कडक होते नि तडकते. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही. म्हणून फक्त टोकाला रबर.”

पहिल्या दुकानात मालकांनी तीन काळे होजपाइप पुढे टाकले. मला तिन्ही सारखेच. मामा म्हणाले, “अगं, वर छापलंय ते वाच.” एक रेडिएटरच्या पाण्याचा होता. त्याचे रबर वाफेला दाद देत नाही, पण खनिज तेलात फुगून मऊ पडते. दुसरा पेट्रोलचा, त्याच्या अंगी या गरम तेलाची सवय नाही. तिसऱ्यावर ‘एसएई जे १५३२’ असे होते. तो मुळातच अशा गिअरबॉक्सच्या कुलरसाठी केलेला. अर्थात किंमतही तशीच! मामांनी तोच घेतला, तोही ५/१६ इंच भोकाचा, मूळ नळीइतकाच. कारण कुलरहून परतणारे तेलच आतल्या बुशांना वंगण पुरवते. भोक अरुंद झाले किंवा होज वळणावर मुडपला, तर तेल थंड होईल खरे, पण बुश उपाशी मरतील.

खरा पेच निपलाचा. जुन्या निपलाची बैठक चिरली होती. तो नमुना म्हणून मामांच्या खिशात होता. मालकांनी पाव इंची नवा निपल काढला. रंग तोच, जाडी जवळजवळ तीच. मामांनी दोन्हींचे आटे एकमेकांत टेकवले, दोन फण्यांचे दात अडकवावेत तसे, आणि उजेडाकडे धरले. पहिले तीन-चार दात बसले. पुढे बारीक फट दिसू लागली.

“चालेल हो मिस्त्री,” मालक म्हणाले. “टेप गुंडाळा, पान्याने आवळा.”

मामा हसले. “टेपचा तुकडा आत गेला तर तेलाच्या बारीक वाटा बुजतील. आणि हा निपल पितळेचा, बॉक्स ॲल्युमिनियमचा. जबरदस्ती केली तर आटे बॉक्सचे जातील.”

घरी येऊन मी वाचले तेव्हा या फटीमागचा इतिहास उलगडला. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचा कोन ५५ अंश सुचवला. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंश. पाव इंची पाइपाला इंग्रजी आटे इंचाला १९, अमेरिकन १८. आपल्या बाजारात पाइपाचे जोड मिळतात ते बहुधा इंग्रजी मापाचे. इंग्रज १९४७ साली गेले. त्यांचे आटे राहिले! इंचामागे एकाच आट्याचा फरक, म्हणून तर फसगत होते. अगदीच वेगळा निपल हाताने लागतच नाही, आणि माणूस तो बाजूला ठेवतो. जवळजवळ सारखा मात्र दोन-तीन फेरे गोड बोलून आत शिरतो, मग अडतो. आणि आपण पाना उचलतो.

आणखी तीन दुकाने झाली, निपल मिळाला नाही. शेवटी मामांनी एका ओळखीच्या लेथवाल्याकडून षट्कोनी पितळी सळईतून तो कातून घेतला, इंचाला बरोबर १८ आट्यांचा. गिअरबॉक्सवर तो त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवत नेला. पाना लागला तो शेवटच्या आवळणीपुरता.

दोन तास गाडी फिरवून आणल्यावर मामांनी तिच्याखाली जुनी वर्तमानपत्रे पसरली. सकाळी मी उठले तेव्हा मामी कंदील घेऊन गाडीखाली वाकल्या होत्या. एकेक कागद उचलून त्या उजेडाशी धरत होत्या. कुठेही लाल ठिपका नव्हता. कागदांची घडी घालून त्या उठल्या आणि मामांना म्हणाल्या, “तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. पहिल्या दोन भाड्यांचे पैसे माझ्याकडे द्या. पाटल्या सोडवायच्या आहेत.”

— द्वितीय वर्ष, कला