खांबहून स्कायला

मुंबई-गोवा रस्त्याने नागोठणे सोडले, पालीचा वाकण फाटा मागे टाकला आणि सुकेळी खिंड उतरली, की कोलाडच्या अलीकडे खांब लागते. लागते म्हणजे काय, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मागे पडते. या रस्त्याने लाखो माणसे गोव्याला, रत्नागिरीला, गणपतीला गेली असतील. त्यांतल्या फारच थोड्यांनी खांब हे नाव वाचले असेल. आमच्या गावाची कीर्ती एवढीच, की ते वाटेवर आहे. वाटेवरच्या गावातल्या माणसाला प्रवासाचे जरा जास्तच कळते, असा आमचा एक समज आहे. गेल्या मे महिन्यात त्या समजाची परीक्षा झाली.

पेण तालुक्यातल्या वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली घरातून निघाले, ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून. मध्ये बंडाची धामधूम उडाली, झाशीचा वेढा पाहावा लागला, जमवलेले द्रव्य लुटले गेले, आणि गृहस्थ गंगेची कावड घेऊन अडीच-तीन वर्षांनी घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ मी वर्गात शिकवतो. शिकवताना दर वर्षी मनात येते, की या माणसापाशी पैसा नव्हता, पण वेळ केवढा होता! आमचे बरोबर उलटे. उत्तरपत्रिका तपासून संपायच्या आणि पुढच्या वर्षाची कामे सुरू व्हायची यांच्या फटीत मला मोजून दहा दिवस मिळाले. त्यांतले जाण्यायेण्याचे वजा जाता परमुलखात रात्री फक्त आठ.

जायचे ठरले स्कॉटलंडला, आणि तेही स्वतः गाडी हाकत. परदेशी जाऊन गाडी कशाला चालवायची, असे पुष्कळांनी विचारले. कारण घरातच होते. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, शहात्तर वर्षांचे. चौतीस वर्षे त्यांनी एसटी चालवली. सहलवाल्यांच्या बसमध्ये त्यांना बसवायचे म्हणजे हलवायाला दुसऱ्याच्या दुकानातली शिळी मिठाई चारण्यासारखे. शिवाय गुडघे दुखतात; पहाटे सहाला सामान दाराबाहेर, सातला न्याहारी, साडेसातला बस, हे त्यांना झेपणारे नव्हते. आपली गाडी असली म्हणजे मनाला येईल तेव्हा निघावे, मनाला येईल तिथे थांबावे.

स्कॉटलंडच का, यालाही कारण आहे. वेळ थोडा असला म्हणजे नवे शिकण्यात तो घालवू नये. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान या देशांत वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात. उजवीकडून चालवण्याची सवय व्हायला दोन दिवस जातात, आणि आठांतले दोन म्हणजे पाव सुट्टी! ब्रिटनमध्ये पाहुण्याला आपल्या देशातल्या वैध परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत छोटी गाडी चालवता येते. तरीही मी पेणच्या परिवहन कार्यालयात जाऊन एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला. भाड्याने गाडी देणारे केव्हा काय मागतील याचा नेम नसतो, आणि परक्या गावी वाद घालायला लागणारा वेळही त्या आठ दिवसांतूनच जायचा असतो.

मग मी कागद घेऊन बसलो. मराठीचा प्राध्यापक कागद घेऊन बसला, की कागद वाचत नाही! लंडन, सरोवरांचा प्रदेश, एडिंबरो, ग्लेन्को, स्काय, उत्तरेचे टोक, तिथून बोटीने ऑर्कनी, परत इन्व्हरनेस. दोन हजार किलोमीटर आणि चौदा ठिकाणे. प्रत्येक ठिकाणापुढे येण्याची आणि निघण्याची वेळ, लाल शाईत. मोठ्या अभिमानाने मी तो कागद पडवीत आप्पांच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

“झकास आहे,” ते म्हणाले. “आगारात लावण्यासारखं आहे. पण यात उतारू कुठे आहेत?”

मी काही बोललो नाही. आप्पांनी अंगणाकडे बोट केले. शेजारच्या घरी लग्न होते, मांडवाचे काम चालले होते. “तो मांडव बघ. आधी मेढी रोवल्यात. त्या पक्क्या हव्यात, हलता कामा नयेत. वरचा झाप आज इकडे, उद्या तिकडे सरकवता येतो. तू मेढी आणि झाप दोन्ही खिळ्यांनी ठोकून ठेवलेस.”

खांब गावात राहून खांब किती रोवावेत हे मला कळू नये, याची गंमत सौभाग्यवतींना फार वाटली. त्या रात्री आम्ही तिघांनी मिळून नवा कागद केला. त्यावर तीनच खांब. पहिला, एडिंबरोत उतरल्यावरच्या दोन रात्री. आप्पांची अट अशी, की विमानात रात्र जागून काढलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी चाकाला हात लावायचा नाही. गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घ्यायची. दुसरा खांब, स्काय बेटावर पोर्ट्री गावी दोन रात्री, कारण मे महिन्यात तिथे ऐनवेळी खोली मिळणे कठीण. तिसरा, परतीच्या विमानाच्या आदली रात्र पुन्हा एडिंबरोत. उरलेल्या तीन रात्रींसाठी गावे मनाशी योजली, पण खोल्या अशाच पाहिल्या, की ज्या आदल्या दिवशीपर्यंत सोडून देता याव्यात. लंडन गेले, सरोवरे गेली, ऑर्कनी गेले. एकूण पल्ला निम्म्यावर, सुमारे एक हजार किलोमीटर.

आणखी एक नियम आप्पांनी घातला: दिवसाकाठी चार तासांपेक्षा जास्त चालवायचे नाही, आणि नकाशात जो वेळ दाखवतील त्याची दीडपट धरायची. “नकाशातला वेळ गाडीचा असतो,” ते म्हणाले. “माणसाला चहा लागतो.”

ज्यांना असे जायचे असेल त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी इथेच सांगून टाकतो. तिकडे बहुतेक स्वस्त गाड्या हाताने गिअर टाकायच्या असतात. आपोआप गिअर बदलणारी हवी असेल तर फार आधी सांगावे लागते. अनामत रक्कम गाडी चालवणाऱ्याच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. दुसरा कोणी चालवणार असेल तर त्याचे नाव आधी नोंदवावे, आम्ही सौ.चे नोंदवले होते. विम्याच्या कागदात अपघात झाल्यास पहिली किती रक्कम आपल्या खिशातून जाणार तो आकडा शोधून वाचावा. पेट्रोल आपले आपणच भरायचे असते, आणि तिथे हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. अंतरे आणि वेग मैलांत. चौकाचौकांतल्या गोल चक्करांवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. नियम आपल्याकडेही तोच आहे; तिकडे तो पाळतात, एवढाच फरक.

पहिले चार दिवस कागदाप्रमाणे गेले. ग्लेन्कोच्या खोऱ्यात १६९२ च्या फेब्रुवारीत पाहुणे म्हणून राहिलेल्या शिपायांनी यजमानांचीच कत्तल केली होती. आजही त्या डोंगरांखाली उभे राहिले की माणूस हळू बोलतो. फोर्ट विल्यमला बेन नेव्हिस पाहिला. ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, १३४५ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर आहे, हे मी तिथल्या एका गृहस्थांना नम्रपणे सांगितले. ग्लेनफिनन येथे एकवीस कमानींचा रेल्वेपूल पाहिला. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली तेव्हा असे पूल आप्पांनी स्टिअरिंगवरून उभे राहताना पाहिले होते. त्यांनी कमानी मोजल्या आणि मान डोलावली.

पाचव्या दिवशी मॅलेगच्या धक्क्यावर पोचलो. तिथून बोटीत गाडी घालून अर्ध्या-पाऊण तासात स्कायवर उतरायचे होते. वारा असा सुटला होता, की गाडीचे दार उघडवेना. धक्क्यावर कळले, दुपारच्या फेऱ्या रद्द.

स्कायवर जायला १९९५ पासून पूलही आहे. पण मॅलेगहून तिकडे जायचे तर आल्या वाटेने फोर्ट विल्यमपर्यंत मागे, आणि मग वळसा घालून पुलापर्यंत, असे सुमारे १९० किलोमीटर. पुढे पोर्ट्री आणखी ५५. पोर्ट्रीच्या खोलीचे पैसे भरलेले. मे अखेरीस तिकडे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो. मी म्हटले, “रेटून जाऊ. अंधाराच्या आत पोचतो.”

आप्पा मागे बसले होते. सकाळपासून त्यांचा गुडघा सुजला होता, हे त्यांनी सांगितले नव्हते, सौ.ने पाहिले होते. ती म्हणाली, “खोलीचे पैसे गेले तर गेले. आज नको.”

“पण तो खांब होता,” मी म्हणालो.

“खांब मांडवासाठी असतो,” ती म्हणाली. “माणसं मांडवात बसायची असतात.”

आम्ही फोर्ट विल्यमच्या पुढे इन्व्हरगॅरीजवळ एका घरगुती निवासात रात्र काढली. पोर्ट्रीला फोन करून उद्या येतो म्हणून कळवले; त्या रात्रीचे पैसे बुडाले. स्कायचे दोन दिवस होते, त्यांतला एक गेला. उरलेल्या एका दिवसात स्टॉर आणि क्विरँग ही दोन्ही ठिकाणे आटोपलीच पाहिजेत, असा मी मनाशी हिशोब केला. ज्या चित्रांपायी आम्ही स्काय निवडले, ती याच दोन जागांची.

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडला तेव्हा अकरा वाजले होते. ब्रॉडफर्डला चहा घेताना आप्पांनी एल्गोलकडे जाणाऱ्या आडरस्त्याची पाटी पाहिली. रस्ता एकेरी, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. मधून मधून समोरच्याला वाट देण्यासाठी फुगवटे. “थोडं आत जाऊन बघू या का?” ते म्हणाले. सबंध प्रवासात त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी घड्याळाकडे पाहिले आणि गाडी वळवली.

त्या रस्त्यावर आप्पा पुन्हा ड्रायव्हर झाले. हातात चाक नव्हते, पण नजर दोन वळणे पुढे. “समोरून येतोय, तू थांब.” “तो चढणीला आहे, आधी त्याला.” सुकेळीत आणि कशेडीत शिकलेला नियम, तिकडचे पुस्तकही तेच सांगते. वाट दिली की समोरचा हात वर करी आणि आप्पा मागच्या सीटवरून सलामाला उत्तर देत. एका फुगवट्यात मी त्यांना म्हटले, इथेच घटकाभर उभे राहू. त्यांना ते पसंत पडले नाही. “ही जागा समोरच्याची. इथं गाडी लावायची नसते.”

पुढे लॉख स्लापिन या खाडीच्या टोकाशी गाड्या उभ्या करायला रीतसर जागा होती. समोर ब्लाव्हेनचा काळा डोंगर, ९२८ मीटर, थेट पाण्याच्या काठावरून उठलेला. वारा पडला होता. आप्पा उतरून एका दगडावर बसले. दहा मिनिटे झाली, वीस झाली. मी स्टॉरपर्यंतचे अंतर मनात मोजत होतो. शेवटी जवळ जाऊन म्हटले, “आप्पा, निघू या का?”

ते म्हणाले, “आपली आजी आठवते तुला? फार लहान होतास. माझी गाडी लांब पल्ल्याची, तिला खांबला थांबा नव्हता. म्हातारी दुपारी रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहायची. मी हॉर्न द्यायचो. ती हात वर करायची. शेवटच्या आजारात तिला रस्त्यावर येववत नव्हतं, दारात बसायची. तेव्हाही हॉर्नच दिला. पन्नास उतारू मागं, घड्याळ समोर. दोन मिनिटं थांबलो असतो तर कोणी काही म्हटलं नसतं, असं आता वाटतं.” जरा वेळाने म्हणाले, “गाडी जन्मभर माझ्या हातात होती. थांबे दुसऱ्याचे.”

मी घड्याळ काढून खिशात टाकले आणि शेजारच्या दगडावर बसलो. सौ.ने डब्यातल्या दशम्या आणि लोणचे काढले. आम्ही तिथे दोन तासांवर बसलो. स्टॉर राहिले, क्विरँग राहिले. पोर्ट्रीला संध्याकाळी पोचलो, सकाळी इन्व्हरनेसकडे निघालो, आणि तिसऱ्या खांबाला वेळेवर येऊन विमान पकडले.

आमच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याचा क्रमांक पूर्वी सतरा होता, आता सहासष्ट आहे. २०११ च्या सुमारास त्याच्या रुंदीकरणाचे काम निघाले, ते वर्षानुवर्षे लांबत गेले. पण गाड्यांचा वेग मात्र वाढला. आजी जिथे उभी राहायची ती जागा रस्त्यात गेली. आप्पा संध्याकाळी पडवीत बसून गाड्या पाहतात. परवा शेजारचा एक तरुण जपानला जायचा बेत घेऊन सल्ला विचारायला आला. त्याच्याजवळही तसाच भरगच्च कागद होता. आप्पांनी तो माझ्याकडे न देता स्वतःच वाचला, पेन्सिल मागून घेतली आणि विचारले, “यातलं काय राहिलं तर तुला चालेल, ते आधी सांग.”