लग्नाच्या पाहुण्यांना जेवायला न्यायचे कुठे?

तुळशीचे लग्न लागले की आमच्या कंग्राळीत मांडवांची गडबड सुरू होते. अक्षतांनंतरच्या पंगतीची चिंता यजमान महिनाभर आधीच करतात. अडचण होते ती आदल्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. पुण्या-मुंबईची मंडळी रात्रभर प्रवास करून आलेली, हुबळी-धारवाडकडचे पाहुणे वेगळेच. व्याही म्हणा की बीगरु म्हणा, मान सारखाच. त्यांना शहरात न्यावे कुठे, हे दर हंगामात मला कुणीतरी विचारतेच.

सकाळच्या खाण्याला मी ‘मित्र समाज’ सांगतो. मसाला डोसा आणि गरम कॉफी म्हटले की दोन्हीकडची म्हातारी माणसेही खूश असतात.

दुपारी एखादी भाकरीची खानावळ गाठावी. हा शब्द कन्नडमध्येही ‘खानावळी’ म्हणून सुखाने नांदतो. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे आपले भरले वांगे, शेंगदाण्याची चटणी आणि दही. धारवाडकराला घरचे वाटते, पुणेकराला नवे. ‘अजून एक भाकरी’ कुठल्याही भाषेत मागा, ताटात पडतेच.

सामिष खाणाऱ्यांना बेळगावात ‘नियाज’ची बिर्याणी ठाऊकच असते. सावजी खानावळीत नेणार असाल तर तिखटाची कल्पना आधी द्यावी. मात्र शाकाहारी पाहुण्यांना तिथेच कोपऱ्यात बसवून ‘तुमच्यासाठी पनीर सांगतो’ म्हणणे हा पाहुणचार नव्हे. लिंगायत, जैन किंवा ब्राह्मण घरची वडीलधारी माणसे तोंडाने काही बोलत नाहीत, दोन घास दहीभात खाऊन उठतात. पण ती गोष्ट पुढे वर्षानुवर्षे आठवली जाते, आणि बोलून दाखवली जाते ती नव्या सुनेला! म्हणून दोन गट करावेत आणि यजमानांपैकी एकाने शाकाहारी गटाबरोबर बसून जेवावे.

आता ‘बसणाऱ्या’ मंडळींविषयी. शहरात बार अँड रेस्टॉरंट पुष्कळ आहेत. कुटुंबासाठी वेगळी खोली असलेले निवडावे. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याची स्वस्त बाटली आणण्याचा मोह टाळावा, विनापरवाना ती कर्नाटकात आणणे गुन्हा आहे. मांडवात दारू द्यायची तरी अबकारी खात्याचा परवाना लागतो. आणि परतीसाठी न पिणारा चालक आधीच ठरवावा. रात्री मोटारसायकलवर तिघे परतणे हा काही लग्नातला विधी नव्हे.

निरोपाच्या वेळी कॅम्पातल्या पुरोहितांचा कुंदा द्यावा. जमल्यास मांडेही द्यावेत. ते तापल्या खापरावर भाजून गरम असतानाच घडी घालतात आणि निवले की कुरकुरीत होतात, म्हणून सामानाच्या तळाशी नव्हे तर हातात द्यावेत. पाहुण्यांना नुसते मनातले मांडे खायला लावू नका!