आधी करंट, मग नकाशा, शेवटी गाणं

मोटरसायकलवर फोन, चार्जर, हेडसेट आणि कॅमेरा चढवणं हे वरवर पाहता तासाभराचं काम वाटतं. दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुण्यातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये कोकणात, गोव्याला नाहीतर हंपीला निघालेल्या गाड्या येतात आणि मागणी एकच असते, ‘सगळं बसवून द्या, सकाळी निघायचंय.’ बसवता सगळंच येतं. पण ही उपकरणं एकमेकांशी, गाडीच्या वायरिंगशी आणि चालवणाऱ्याच्या लक्षाशी जुळवायची, तर त्यांना एक क्रम लावावा लागतो. माझ्या मते या कामातलं खरं कौशल्य तेच.

होंडाच्या गोल्डविंगवर ऐंशीच्या दशकात रेडिओ-कॅसेट आली, २००६मध्ये नेव्हिगेशन आलं आणि २०१८मध्ये ॲपल कारप्ले मिळालेली ती पहिली मोटरसायकल ठरली. तिथे हे सारं गाडीच्या आराखड्यातच होतं. आपण ३५०-४०० सीसीच्या सिंगल सिलिंडर गाडीवर तेच मागाहून लावतो. त्यामुळे डिझायनरची जबाबदारी फिटरवर आणि मालकावर येते.

हिशोब करंटपासून सुरू होतो. समजा गाडीचा स्टेटर २२० वॉटचा आहे. हा आकडा चढ्या आरपीएमचा. आयडलिंगला त्याच्या निम्मंही मिळेल याची खात्री नसते. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत चालूच राहतो. तो हॅलोजनचा असेल तर ५५ ते ६० वॉट तिथेच गेले. फ्युएल पंप, इग्निशन, ईसीयू, टेललाइट आणि मीटर धरले की आपण दीडशेच्या आसपास पोचतो. उरले सत्तर. फोनचा चार्जर त्यातले पंधरा-वीस घेतो, जीपीएस युनिट त्याहून कमी, आणि हेडसेट तर स्वतःच्या बॅटरीवर चालतो. म्हणजे नकाशा आणि आवाज गाडीला सहज झेपतात. बॅटरी बसते ती चाळीस-चाळीस वॉटच्या दोन फॉगलॅम्पमुळे. खात्री करायची तर सगळं चालू ठेवून, इंजिन ३०००च्या वर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर ठीक. आकडा १३च्या खाली उतरत असेल तर बॅटरी भरत नसून रिकामी होते आहे, आणि काहीतरी कमी करायलाच हवं.

पुढचा प्रश्न करंट कुठून घ्यायचा. घाईच्या फिटिंगमध्ये पार्किंगची वायर ब्लेडने सोलतात, चार्जरची वायर तिला पिळतात आणि वर काळी टेप मारतात. एका पावसाळ्यात त्या जोडाला हिरवा गंज चढतो आणि भर प्रवासात पार्किंग आणि चार्जर दोन्ही जातात. दुसरा प्रकार म्हणजे चार्जर बॅटरीला ‘डायरेक्ट’ देणं. फोन लावलेला नसतानाही असा चार्जर २५ मिलीअँपिअर ओढत असेल, तर दिवसाला ०.६ अँपिअर-अवर गेले. ८ अँपिअर-अवरची बॅटरी दहा दिवस उभ्या गाडीत जवळपास संपते.

योग्य रचना साधी आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायर काढायची आणि वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवायचा. तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला जायचं आणि ८७वरून सगळ्या उपकरणांना सप्लाय द्यायचा. रिलेची कॉइल म्हणजे ८५ आणि ८६. त्यातल्या एकीला टेललाइटच्या वायरचा इशारा, दुसरीला अर्थ. चावी फिरली की सगळं जागं होतं, चावी काढली की सगळं मेलं. गाडीच्या मूळ वायरिंगवर फक्त कॉइलचा दीड-दोनशे मिलीअँपिअरचा भार येतो. जोड सोल्डरपेक्षा क्रिंपचा घ्यावा आणि वर हीटश्रिंक चढवावी, कारण सोल्डर वायरला ताठ करतं आणि सततच्या थरथरीने ती त्याच्या कडेशीच तुटते. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहायचं. वायर कुठे ताणली किंवा चिमटली जात असेल, तर काम अजून संपलेलं नाही.

गाडीला स्पीकरचा ॲम्प्लिफायर असेल किंवा वॉकीटॉकी वायरने जोडलेला असेल, तर एक तक्रार हमखास येते. ॲक्सिलरेटर पिळला की कानात बारीक ‘चीं’ सुरू होते आणि आरपीएमबरोबर तिची पट्टी चढत जाते. तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून चार्जरची पिन उपसायची. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा. चार्जरची अर्थ हँडलच्या बोल्टला आणि ॲम्प्लिफायरची सीटखाली चॅसिसला दिलेली असते. मधे ऑडिओ केबलची जाळी दोन्हींना जोडते आणि चार्जिंगच्या करंटमधली थरथर त्या जाळीतून वाट काढते. सगळ्या अर्थ बॅटरीच्या निगेटिव्हजवळ एकाच बिंदूला आणल्या की बहुतेक वेळा काम होतं, नाहीतर ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर लावावा. ‘चीं’ऐवजी ‘टक टक’ येत असेल तर प्लगची कॅप रेझिस्टरची आहे का ते पाहावं आणि केबल इग्निशन कॉइलपासून दूर न्यावी.

आता नकाशा. इंजिनची थरथर हँडलवरून फोनपर्यंत पोचते आणि कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने सप्टेंबर २०२१मध्ये दिला. म्हणून धक्के शोषणारा माउंट हवाच. मे महिन्यात विदर्भात उन्हात चार्ज होणारा फोन तापून स्वतःच बंद होतो, आणि पावसाचे थेंब स्क्रीनला बोटांसारखे वाटतात. घाटात रेंज गेली तरी जीपीएस चालतं, कारण ते थेट उपग्रहांवरून येतं. अडतो तो नकाशा. तो घरूनच उतरवून घ्यावा.

कानाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज ९५ डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवला तर कानावर दुहेरी मार बसतो. आधी इअरप्लग घाला. वारा दबतो आणि कमी आवाजातही सूचना स्पष्ट येतात. स्पीकर कानाच्या भोकासमोर नेमका हवा. जरा सरकला तरी शब्द पुसट होतात. तो बसत नाही म्हणून हेल्मेटचं थर्मोकोल मात्र कोणालाही कोरू देऊ नका. डोक्यावर येणारा धक्का तेच झेलतं.

इंटरकॉमच्या जुन्या ब्लूटूथ साखळीत मधला गडी मागे पडला की पुढचे-मागचे तुटतात. मेश पद्धतीत उरलेले आपसूक पुन्हा जोडले जातात. पण दोन्हींच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं, वरंध्याच्या वळणावर ते धरून चालू नये. हेडसेटच्या सेटिंगमध्ये सोबत्याचा आवाज सर्वांत वर ठेवा, मग रस्त्याची सूचना, सर्वांत खाली गाणं. कॉल आपोआप उचलला जाणं बंद ठेवा.

१ ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेला केंद्रीय नियम सांगतो की वाहन चालवताना फोन फक्त रस्ता दाखवण्यासाठी वापरावा आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. फिटिंगचा निकषही हाच. तेव्हा वर्कशॉपमधून गाडी बाहेर काढण्यापूर्वी फिटरला तीन गोष्टी दाखवायला सांगा: फ्यूज कुठे आहे, अर्थ कुठे दिली आहे आणि चावी काढल्यावर सगळं बंद होतं का. चौथी गोष्ट तुमच्या हातात आहे. रस्ता निवडायचा, गाणी लावायची, ती गाडी उभी असताना. चाक फिरू लागल्यावर स्क्रीनला हात लावू नका.