बस्ता मुंबईचा!

दोस्तांनो, आम्ही मुरुडचे. एवढं सांगितलं की मुंबई-पुण्याचे लोक हमखास विचारतात, "वा! म्हणजे रोज समुद्र बघत असाल! जंजिरा किल्ला घरापासून किती लांब हो?" अहो, ते मुरुड कोकणातलं, रायगड जिल्ह्यातलं! आमचं मुरुड लातूर जिल्ह्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. इथं समुद्र नाही आणि किल्लाही नाही. काळी जमीन आहे, तूर-सोयाबीन आहे आणि आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येऊन भरणारा आठवडी बाजार आहे.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात मोठी गडबड उडाली. माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. तिला घरात लहानथोर सगळेच आक्का म्हणतात. आता लग्न म्हटलं की बस्ता आला. नवरा-नवरीपासून मामा-मावशांपर्यंत सगळ्यांचे कपडे एकदम खरेदी करायचे, याला आमच्याकडे बस्ता बांधणं म्हणतात. आमच्या गावचे बस्ते एक तर गावातच बांधले जातात, नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत.

गंजगोलाई तुम्ही पाहिली नसेल तर एकदा जरूर पाहा. १९१७ साली वसवलेली ही गोल बाजारपेठ आहे. मधोमध देवीचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते. कुठल्या रस्त्याला सोनं, कुठं कापड, कुठं चपला, तर कुठं मिरच्या आणि गूळ. लहानपणी मी तिथं हरवलो होतो, तेव्हा मिरचीच्या ठसक्यावरून घरच्यांची वाट शोधली होती!

पण आक्कानं जाहीर केलं, "माझा बस्ता मुंबईचा!"

दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, गप्प बसले. सोयाबीन विकून त्यांनी कपड्यांसाठी साठ हजार रुपये बाजूला ठेवले होते. बराच वेळानं म्हणाले, "जाऊ. पण ह्याच्याबाहेर एक रुपया जायचा नाही."

मी शिकायला चार वर्षं मुंबईत होतो, म्हणून वाटाड्या मी. दादा, वहिनी, आक्का आणि सातवीतला बारक्या. बारक्याला काम काय? हिशेब! शंभर पानी वही आणि कानावर पेन्सिल अडकवून स्वारी तयार.

लातूरला जाऊन आम्ही रात्रीची मुंबई गाडी पकडली. आमच्या आजीच्या वेळी लातूरला बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी यायची. ती १९११ साली लातूरला पोचली. मुंबईला जायचं तर कुर्डुवाडीला उतरून गाडी बदलावी लागे. २००८ पर्यंत रूळ रुंद झाले, आणि आता लातूरला झोपायचं नि मुंबईला उठायचं.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. सामान क्लोकरूममध्ये टाकलं आणि आधी गेलो गेटवे ऑफ इंडियाला. बारक्यानं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. मान वर करून १९०३ सालचं ताजमहाल हॉटेल बघत त्यानं विचारलं, "काका, इथं चहा कितीला असेल?" मी म्हटलं, "वहीत मावणार नाही एवढ्याला."

गेटवेजवळच कुलाबा कॉजवे. त्याचं आताचं नाव शहीद भगतसिंग मार्ग. पर्यटकांची खरेदी इथंच चालते. फुटपाथभर कानातले, गळ्यातले, पर्सेस, टोप्या. इथला नियम एकच, सांगितलेली किंमत ही फक्त बोलण्याची सुरुवात असते. आक्काला एक कानातली जोडी आवडली. फेरीवाला म्हणाला, "साडेतीनशे." वहिनी आठवडी बाजारात तयार झालेल्या. त्यांनी जोडी शांतपणे खाली ठेवली आणि चालू लागल्या. दहा पावलांवर हाक आली. शंभरात सौदा झाला! बारक्यानं वहीत लिहिलं, 'कानातले १००. बचत २५०.'

इथवर सगळं छान होतं. मग आक्काला ते दुकान दिसलं.

काचेचे दरवाजे, आत थंडगार हवा, मंद संगीत आणि दिव्यांत न्हालेल्या साड्या. आत शिरल्यावर पहिल्यांदा कुणी आमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. विक्रेत्याची नजर गेली थेट दादांच्या पायांकडे. प्रवासाची धूळ बसलेल्या, टाचा झिजलेल्या वहाणा. दादांनी एक पाय दुसऱ्यामागं लपवला. मी ते पाहिलं. आक्कानंही पाहिलं असावं.

एक शालू उलगडला गेला. डाळिंबी रंग, सोनेरी बुट्टे. किंमत, साडेचोवीस हजार. आक्काच्या तोंडातून शब्द फुटेना. विक्रेता हसून म्हणाला, "तुमच्या बजेटमधलं खालच्या मजल्यावर आहे."

दादांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खिशात हात घातला. "द्या हेच बांधून!"

दोस्तांनो, मला कळत होतं की हे चुकतंय, पण लेकीसमोर मान खाली जाऊ नये म्हणून खिशात गेलेला बापाचा हात कसा धरायचा? सगळे गप्प. तेवढ्यात खालून आवाज आला. बारक्या वहीत बघून मोठ्यानं वाचत होता, "साठातून साडेचोवीस गेले, उरले साडेपस्तीस. त्यात नवरदेवाचा सूट, सासूबाईची साडी, चार मावशा, दोन आत्या... काका, उरलेल्यांना काय रुमाल द्यायलोय का?"

आक्का फिस्सकन हसली. मग तिनं शालूवरून एकदा हात फिरवला, घडी नीट सरळ केली आणि म्हणाली, "बाबा, चला. मला हा रंगच आवडला नाही."

बाहेर आल्यावर ती माझ्या कानाशी कुजबुजली, "काका, रंग लई आवडला होता."

मी म्हटलं, "आता खरी मुंबई दाखवतो."

टॅक्सीनं आलो क्रॉफर्ड मार्केटला. मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाची ही मंडई १८६९ साली पुरी झाली. आता तिचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. इथली फळांची नि भाजीची घाऊक बाजारपेठ १९९६ साली वाशीला गेली. तरी आत फळं, सुकामेवा, मसाले अजून मिळतात. पण मला दाखवायचं होतं ते दरवाजावरचं. कमानीवर दगडात कोरलेली चित्रं आहेत. कुणी कोरवली ठाऊक आहे? 'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी, लॉकवुड किपलिंग यांनी. आणि चित्रं कुणाची? शेतकऱ्यांची! शेतात राबणारी साधी माणसं.

दादा बराच वेळ वर बघत राहिले. "हे तर आपलेच लोक की," एवढंच म्हणाले.

तिथून थोडं आत शिरलं की एकेका गल्लीला एकेक वस्तू. अब्दुल रहमान स्ट्रीटला वह्या, पेनं, रंग. लोहार चाळीत विजेचं सामान. झवेरी बाजारात सोनं-चांदी. बारक्या ओरडला, "काका, ही तर गोलाईच आहे! नुसती उलगडून लांब केलेली!"

पोरगं बरोबर बोललं. मोठ्या बाजारात एका मालाची दुकानं शेजारी शेजारी का असतात, माहीत आहे? गिऱ्हाइकाला चार पावलांत चार भाव कळतात, त्यामुळे कुणालाच फार चढा भाव सांगता येत नाही. एकट्या झगमगत्या दुकानात मात्र तुलना करायला शेजार नसतो.

मंगलदास मार्केट म्हणजे छपराखालचं कापडाचं गावच. नवरदेवाच्या सुटाचं कापड तिथं घेतलं, ४,८०० रुपयांना. शेजारीच मूलजी जेठा मार्केट, आणि तिथून काळबादेवीकडे जाणाऱ्या गल्ल्यांत साड्यांची दुकानं. एका लहानशा दुकानात शिरलो. पांढऱ्याशुभ्र गाद्या घातलेल्या. तिथं सगळ्यांनीच चपला बाहेर काढायच्या आणि मांडी घालून बसायचं. मालक अनवाणी, नोकर अनवाणी, शेजारी बसलेल्या श्रीमंत बाई अनवाणी आणि आमचे दादाही अनवाणी. दादा ऐसपैस बसले आणि म्हणाले, "दाखवा, शालू दाखवा."

चाळीसेक साड्या उलगडल्या. चहा आला. एक शालू निघाला, अगदी डाळिंबी! आक्कानं वहिनींचा हात गच्च धरला. वहिनी मात्र साडी घेऊन दारात उन्हात गेल्या. दिव्याखाली दिसतो तो रंग खरा नसतो, उन्हात दिसतो तो खरा. रंग टिकला. ९,२०० रुपये. मालकानं पक्कं बिल दिलं. जवळच्या नात्यातल्या बायकांसाठी आणखी चार साड्या घेतल्या, २,१०० ची एक.

वहिनींना चादरीही घ्यायच्या होत्या. दुकानदारानं अभिमानानं सांगितलं, "बाई, अस्सल सोलापुरी!" वहिनी हसायलाच लागल्या. "आमची गाडी बार्शी-कुर्डुवाडीवरून येते. सोलापूर जिल्हा तर आमच्या वाटेतच लागतो. तिथली चादर मुंबईत घेऊन परत तिकडंच न्यायची व्हय?" दुकानदारही हसला.

भुलेश्वरला बांगड्या आणि खोटे दागिने घेतले, ११५० रुपयांचे. मग तांब्याच्या हंड्यासाठी निघालो तांबाकाट्याला. नावातच काटा आहे, म्हणजे वजनाचा. हंडा तोलून मिळाला, ३,३०० रुपयांना.

त्याच भागाचं नाव पायधुनी. दादांनी पाटी वाचली आणि विचारलं, "हे काय नाव?"

मी सांगितलं, "दादा, मुंबई म्हणजे पूर्वी सात बेटं. इथवर भरतीचं पाणी यायचं. पलीकडून माणसं चिखल तुडवत यायची, इथं पाय धुवायची आणि मग शहरात शिरायची. म्हणून पायधुनी, असं सांगतात."

दादांनी आपल्या वहाणांकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा मोकळं हसले. "म्हणजे ह्या शहरात सगळेच धुळीच्या पायानं आलेत म्हण की!"

संध्याकाळी गाडीच्या आधी तासभर उरला होता. बारक्यानं दिवसभर काहीच मागितलं नव्हतं. त्याला हुतात्मा चौकाजवळ फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांकडे नेलं. पूर्वी तिथं पुस्तकांच्या रांगाच रांगा असत. आता विक्रेते थोडे उरलेत. पण उकरणाऱ्याला अजून सापडतं. त्यानं दीडशे रुपयांत तीन पुस्तकं घेतली. त्यातलं एक 'जंगल बुक'!

गाडीत बसल्यावर हिशेब झाला. टॅक्सी आणि खाणंपिणं १,९०० रुपये. सगळं मिळून २९,०००. उरले ३१,०००. मी म्हटलं, "आहेराच्या साड्या राहिल्या की! उद्या थांबून दादरला जायचं होतं. तिथं रानडे रोड आहे, हिंदमाता आहे."

आक्का म्हणाली, "नको काका. त्या मुरुडात घेऊ. एखाद्या मावशीला रंग नाही आवडला तर बदलायला मुंबईला कोण जाणार?"

दोस्तांनो, मी चार वर्षं मुंबईत राहिलो, पण खरेदीचा हा नियम मला आक्कानं शिकवला. जे जवळ मिळत नाही तेवढंच लांबून आणावं. बारक्यानं तो वहीत उतरवून घेतला. त्या पानावरचे बाकीचे नियमही तुमच्यासाठी देतो:

१. पहिल्याच दुकानात घ्यायचं नाही. तीन भाव विचारायचे.
२. कापडाचा रंग उन्हात बघायचा.
३. बिल मागायला लाजायचं नाही.
४. रविवारी जायचं नाही. घाऊक बाजार बहुतेक बंद असतात.
५. न घेता उठायलाही लाजायचं नाही. हे सगळ्यात अवघड.

घरी बस्ता उघडला तेव्हा शेजारच्या बायका जमल्या. डाळिंबी शालू या हातातून त्या हातात फिरला. एका काकूंनी विचारलं, "मुंबईचा ना गं? कोणत्या दुकानातला?"

आक्कानं दादांकडे बघितलं आणि म्हणाली, "पायधुनीच्या अलीकडचा."

काकूंना काही कळलं नाही. दादा मात्र ओट्यावर वहाणा काढता काढता मोठ्यानं हसले.