झुणझुण

मार्चमधल्या एका शनिवारी संध्याकाळी बॉस्टनजवळ राहणाऱ्या मित्राचा व्हिडिओ कॉल आला. गडी आमचाच, अकोल्याचा, जठारपेठेतला. त्याच्या दारात गुडघाभर बर्फ आणि हातात नवीन यंत्र. विजेवर चालणारा स्नोब्लोअर! मागे लांबलचक वायर.

"सोबतचं पुस्तक वाचलं का रे?" मी विचारलं.

"वाचलं ना बाप्पा! अर्ध्या पुस्तकात असं केलं त मरशीन, तसं केलं त मरशीन, हेच लिहेल हाये."

मग त्याने नियम म्हणून दाखवले. वायर बाहेर वापरायचीच हवी. ती कायम मागे ठेवायची. तोंडात बर्फ अडकला तर आधी प्लग काढायचा, मगच हात लावायचा, तोही काठीने. आणि करंट गळाला की तत्क्षणी बंद पडणाऱ्या सॉकेटलाच यंत्र जोडायचं. अमेरिकेत घराबाहेरच्या सॉकेटला हे १९७३ पासून सक्तीचं आहे.

मी भरपूर हसलो. कॉल संपला आणि एकदम लक्षात आलं, त्याच आठवड्यात बाबांनी कूलर काढला होता.

बघा ना. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेली पत्र्याची पेटी, तळाला पाणी, पाण्यात बुडलेला पंप, तीन बाजूंनी ओल्या ताट्या, आणि घरातून गेलेली एक वायर. बर्फातलं ते यंत्र आणि हे यंत्र, सख्खे चुलतभाऊच! फरक इतकाच की स्नोब्लोअर वर्षातून पाच-दहा वेळा चालतो आणि आमचा कूलर मार्च ते जून, रात्रंदिवस. शिवाय आमच्याबरोबर पुस्तक येत नाही.

पुण्याच्या मित्रांना कूलर म्हणजे चैन वाटते. २०२४ च्या मे अखेरीस पारा ४५ च्या वर गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळे १४४ कलम लावलं होतं. तिथे कूलर बंद ठेवा हा सल्ला कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. प्रश्न तो चालवायचा कसा, हा आहे.

आम्ही कसा चालवतो ते सांगतो. इंजिनिअरिंगला असताना अमरावतीत बडनेरा रोडला आमची खोली होती. चौघांत एक कूलर. त्याला प्लगच नव्हता. वायरीची दोन टोकं सोलायची, सॉकेटच्या भोकात घालायची आणि आगपेटीच्या काड्या खुपसून घट्ट करायची. पत्र्याला हात लागला की झुणझुण व्हायची. "थोडासा करंट मारते, काही होत नाही," हे वाक्य प्रत्येक नवीन पोट्ट्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. आणि आम्ही विजेची गणितं सोडवून पास होत होतो!

मागच्या उन्हाळ्यात आईला तोच करंट लागला. संध्याकाळी नळ आले म्हणून ती पाइपने कूलर भरत होती. बटण बंद केलेलं होतं. पत्र्याला हात लागला आणि ती मागे फेकली गेली. पायात रबरी चप्पल होती म्हणून कोपरावर निभावलं. मला हे दोन आठवड्यांनी कळलं, तेही बाबा बोलता बोलता बोलून गेले म्हणून. "तू तिकडे उगाच काळजी करशील," आई म्हणाली.

बटण बंद, तरी करंट कसा? कारण साधं आहे. एक्स्टेंशन बोर्डाला दोन पिनांचा प्लग होता. तो उलटा बसला की बटण न्यूट्रल तोडतं. पंखा थांबतो, पण फेजची तार कूलरपर्यंत जिवंतच राहते. आणि तो बोर्ड लावला होता कोणी? मीच, दिवाळीच्या सुट्टीत.

मग एमसीबी का पडला नाही? ओल्या अंगातून २३० व्होल्टला साधारण पाव अँपिअरच्या आसपास करंट जाऊ शकतो. जीव जायला तेवढा पुष्कळ. ६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र त्याची दखलही नसते. तो वायरींना वाचवण्यासाठी असतो, माणसांना नाही. माणसांसाठी आरसीसीबी असतो. गेलेला करंट आणि परतलेला करंट यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तो सेकंदाच्या अगदी लहानशा भागात वीज तोडतो.

राहिलं अर्थिंग. तिसरी पिन लांब आणि जाड असते ती उगाच नाही. लावताना ती सगळ्यात आधी जोडली जाते, काढताना सगळ्यात शेवटी सुटते. पण ती जाते कुठे? अंगणातल्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, कोरडी ठाक होते, आणि कोरड्या मातीत करंट नीट मुरत नाही. म्हणजे कूलर ज्या महिन्यांत चालतो, नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग सगळ्यात कच्चं. घरात सगळ्यांना पाणी मिळतं, त्या खड्ड्याला कोणी देत नाही.

त्या कॉलनंतरच्या शनिवारी अकोला गाठलं. तीन पिनांचा प्लग, पत्र्याला पक्की अर्थची तार, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. लावल्या लावल्या तो पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. बाबा वैतागले. "काय लावून ठेवलं हे? काढून टाक, थेट जोड." मी पंपाची वायर सोडवली. आता पडेना! जुना पंप पाण्यात करंट सोडत होता, किती वर्षं कोण जाणे. नवा पंप काही शे रुपयांत आला.

ऑफिसात कोडमध्ये वॉर्निंग आली तर मी ज्युनिअरला ती गप्प करू देत नाही. घरी झुणझुण ही वॉर्निंगच होती, आणि ती आम्ही वीस वर्षं गप्प केली. आरसीसीबी हाही काही देव नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलं तर त्यालाही कळणार नाही. म्हणून पहिला नियम बॉस्टनचाच. बटण नाही, प्लग काढायचा. मग पाणी.

आता प्लग काढून खुंटीला टांगल्याशिवाय आई पाइप हातात घेत नाही. बाबा रविवारी खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून बघतात. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "काका पुस्तक छापतील आता."

असो. या उन्हाळ्यात घरी फोन कराल तेव्हा जेवलात का विचाराल, तसं एवढंही विचारा. कूलर झुणझुण करतो का?